चौकातील स्मारक पाणपोया आणि कारंजी : दात्याच्या पाटीपलीकडचा इतिहास

माचीकर (धागाकर्ता)

साताऱ्यात पत्ता सांगताना कमानी हौद, फुटके तळे, मंगळवार तळे, मोती तळे ही नावे आपण रोज घेतो. शहरातल्या पाण्याच्या जुन्या जागा पत्त्यांमध्ये टिकून राहिल्या, पण त्यांचे पाणी बहुतेकांच्या वापरातून गेले. या धाग्याचा विषय त्यांना लागूनच आहे, तरी थोडा निराळा आहे. चौकात कोणाच्या तरी स्मरणार्थ बांधलेली सार्वजनिक पाणपोई किंवा पिण्याच्या पाण्याचे कारंजे, ही कल्पना आपल्याकडे कशी रुजली आणि तिचा इतिहास कसा वाचावा, यावर चर्चा व्हावी अशी इच्छा आहे.

अशा वास्तूचा इतिहास लिहिताना आपण बहुधा पाटी वाचून थांबतो. कोणी बांधली, कोणाच्या स्मरणार्थ बांधली, कोणत्या साहेबाच्या हस्ते खुली झाली, एवढे मिळाले की लेख पुरा होतो. माझ्या मते ही माहिती सर्वांत सोपी आणि सर्वांत कमी महत्त्वाची आहे. पाणी कोठून येत होते आणि ते कोणाला पिता येत होते, या दोन प्रश्नांची उत्तरे पाटीवर कधीच नसतात. खरा इतिहास मात्र तेथेच असतो.

आज ज्याला आपण चौकातले स्मारक कारंजे म्हणतो त्याचा एक उगम लंडनमध्ये आहे. १८५४ साली डॉ. जॉन स्नो यांनी सोहो भागातल्या पटकीच्या साथीचा माग ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपापर्यंत काढला. दूषित पाण्याविषयीची ही धास्ती आणि तहान लागली की कामकऱ्याने दारूच्या गुत्त्यात शिरू नये ही नीतिवाद्यांची तळमळ, या दोहोंच्या जोडीतून १८५९ साली सॅम्युएल गर्नी आणि एडवर्ड वेकफिल्ड यांनी फुकट पाण्याच्या कारंज्यांसाठी संस्था स्थापन केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये होबर्न येथील चर्चच्या कठड्यात पहिले कारंजे बसले आणि त्यावर दिवसाला काही हजार माणसे पाणी पिऊ लागली. पुढे १८६७ साली संस्थेच्या नावात गुराढोरांच्या पाण्याच्या हौदांचाही समावेश झाला, कारण रस्त्यावर माणसांइतकेच घोडे आणि गुरे तहानलेली असत.

मुंबईत विहारचे पाणी १८६० साली नळाने आले आणि त्यानंतर ही प्रथा तेथे झपाट्याने पसरली. सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी शहरात पिण्याच्या पाण्याची चाळीस कारंजी बांधून दिली. भात बाजारातली केशवजी नाईक यांची पाणपोई १८७६ सालची आहे आणि तिच्यावर घड्याळाचा मनोराही आहे. कोटातले मुळजी जेठा कारंजे १८९० नंतरच्या दशकातले आहे. ते रतनसी मुळजी जेठा यांनी अकाली वारलेल्या धरमसी या मुलाच्या स्मरणार्थ उभारले. आराखडा व्हिक्टोरिया टर्मिनस बांधणाऱ्या एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा असून माथ्यावर पुस्तक घेतलेल्या मुलाची मूर्ती आहे. बापाचे दुःख इतक्या थेटपणे सांगणारी दुसरी पाणपोई मला ठाऊक नाही.

सातारकरांना एक धागा विशेष वाटावा. १८६४ सालचे मुंबईतले फ्लोरा फाउंटन मुळात तेव्हाचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या नावाने व्हायचे होते. हे फ्रियर १८४७ साली साताऱ्यात रेसिडेंट म्हणून आले. पुढच्याच वर्षी आप्पासाहेब महाराजांचे निधन झाले, राज्य खालसा झाले आणि त्याचा कारभारही १८५० पर्यंत फ्रियर यांच्याच हाती राहिला. कारंज्याला अखेर एका रोमन देवतेचे नाव पडले, आणि ते शोभेचेच होते, पिण्याचे नव्हते. पाणपोई आणि शोभेचे कारंजे यांची गल्लत आपण नेहमी करतो, म्हणून हा फरक येथे मुद्दाम नोंदवला.

उलट दिशेनेही दाने झाली आहेत. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये याच रेडीमनींनी दिलेले कारंजे १८६९ साली खुले झाले, आणि त्यावरच्या लेखात इंग्रजी अमलाखाली पारशांना मिळालेल्या संरक्षणाबद्दलची कृतज्ञता कोरली आहे. ऑक्सफर्डशायरमधल्या स्टोक रो या खेड्यात काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांनी १८६३-६४ मध्ये ३६८ फूट खोल विहीर खोदून दिली. घरातले शेवटचे पाणी प्यायल्याबद्दल त्या भागातल्या एका मुलाला आईने मारल्याची हकीकत त्यांनी एडवर्ड रीड या अधिकाऱ्याकडून ऐकली होती. पहिल्या दानात राजनिष्ठा आहे आणि दुसऱ्यात त्या मुलाची तहान आहे, हे माझे मत. कोणाचे वेगळे असल्यास त्यांनी अवश्य लिहावे.

कृष्णाकाठ (सांगली)

माचीकर, मांडणी आवडली, पण उगम लंडनला नेऊन बांधणे मला पटत नाही. वाटसरूला पाणी देणे हे आपल्याकडे पूर्तकर्मात मोजले जाते. विहीर, तळे, आमराई, धर्मशाळा आणि पाणपोई ही सगळी त्याच माळेतली पुण्ये आहेत. चैत्रात रांजण मांडून, त्यांना ओले फडके गुंडाळून, शेजारी ओगराळे घेऊन बसलेला माणूस आमच्या गणपती पेठेतल्या बाजारातही दिसायचा आणि अक्षय्य तृतीयेला उदककुंभाचे दान आजही घरोघर होते. दिवंगत आप्ताच्या नावाने पाणी देणे ही कल्पना शिकण्यासाठी आपल्याला होबर्नला जाण्याची गरज नव्हती.

पाटीचेही तसेच आहे. तुमच्याच जिल्ह्यात, साताऱ्यापासून जवळ असलेल्या लिंब गावी बारा मोटांची विहीर आहे. श्रीमंत वीरूबाई भोसले यांनी ती शके १६४१ ते १६४६ या काळात, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ च्या सुमारास बांधली, आणि त्याचा शिलालेख विहिरीतच आहे. तेव्हा दगडावर बांधणाऱ्याचे नाव कोरण्याची हौस इंग्रजांनी आणलेली नाही.

नावाच्या टिकण्याविषयी मात्र सांगलीचा अनुभव सांगतो. कृष्णेवरचा पूल १९२९ साली खुला झाला, त्याला व्हाइसरॉय आयर्विन यांचे नाव पडले आणि ते आजही तसेच चालते. पण पावसाळ्यात ‘आयर्विनला किती फूट?’ असे विचारणाऱ्या सांगलीकराच्या मनात व्हाइसरॉय नसतो. चाळीस फुटांची इशारा पातळी आणि पंचेचाळीस फुटांची धोका पातळी असते. नाव उरले, पण त्याचा मालक बदलला. पाणपोयांच्या नावांचे असे काय झाले, हे तपासण्यासारखे आहे.

माचीकर

कृष्णाकाठ, दानाच्या परंपरेबाबत आपले म्हणणे मान्य आहे. ती परंपरा जुनी आहे आणि मुंबईच्या शेठ-सावकारांनी कारंजी बांधली तेव्हा तीच भावना त्यांच्या मनात होती, यात शंका नाही. माझा मुद्दा दानाचा नसून रचनेचा आहे. विहीर जेथे पाणी लागते तेथे खोदतात आणि माणूस पाण्याकडे जातो. चौकातली पाणपोई जेथे माणसे जमतात तेथे बांधतात आणि पाण्याला माणसांकडे यावे लागते. पाणी आणायचे म्हणजे नळ हवा, नळासाठी तळे किंवा धरण हवे, आणि या सगळ्याची देखभाल करण्यासाठी कर गोळा करणारी नगरपालिका हवी. साताऱ्याची नगरपालिका १८५३ सालची आहे. दात्याचा खर्च दगड, शिल्प आणि तोटी येथवर असतो. पुढे वर्षानुवर्षे त्या तोटीतून येणारे पाणी हा गावाचा खर्च असतो, आणि तो कोणत्याही पाटीवर कोरलेला नसतो.

लिंबची विहीर अप्रतिम आहे, परंतु ती प्रामुख्याने आमराईच्या बागायतीसाठी होती असे सांगितले जाते. बारा मोटा चालण्याची सोय असलेली विहीर पांथस्थांच्या ओंजळीसाठी बांधलेली नसते.

उरमोडी

माझे काम पाणीपुरवठ्याशी निगडित असल्यामुळे नळाच्या बाजूने थोडे लिहितो, कारण हौद आणि कारंजे यांतला फरक मुळात नळाच्या ताकदीचा आहे.

साताऱ्याची जुनी व्यवस्था यवतेश्वराच्या डोंगराकडून, महादऱ्याच्या बाजूने शहरात उतरणाऱ्या खापरी नळांची होती. भाजलेल्या मातीच्या नळ्या एकमेकींत बसवून सांधे चुन्याने भरत. असा सांधा फार दाब सोसत नाही. म्हणून उंचावरून आलेले पाणी मध्येच एखाद्या हौदात किंवा उंच मनोऱ्यात मोकळे सोडून त्याचा दाब मोडावा लागे, आणि तेथून पुढचा नळ सुरू होई. पुण्याच्या कात्रजच्या नळावर असलेले उच्छ्वास याच कामाचे आहेत. त्यांतून नळात अडकलेली हवाही बाहेर पडते. ती अडकून राहिली तर पाणी पुढे सरकत नाही. थोडक्यात, जुन्या शहरांत पेठोपेठी हौद दिसतात ते दानाच्या भावनेने आले असले तरी त्यांच्या जागा बऱ्याच अंशी दाबाच्या हिशोबाने ठरलेल्या असतात.

बिडाचा नळ आला आणि हे बदलले. शिसे ओतून केलेला त्याचा सांधा बराच दाब सोसतो, त्यामुळे डोंगरावरच्या तळ्याचा सगळा दाब चौकातल्या तोटीपर्यंत आणता येतो. तोटी उघडताच धार येते, आणि वर तोंड केलेल्या नळीतून पाणी उडवताही येते. हौदात भांडे बुडवावे लागत होते, तोटीखाली नुसती ओंजळ धरली की झाले. कासचे तळे साताऱ्यापेक्षा कितीतरी उंचावर आहे, त्यामुळे तेथून निघालेले पाणी पंपाशिवाय नुसत्या उताराने साताऱ्याला पोहोचते, ही या शहराची मोठी श्रीमंती. शहराच्या दुसऱ्या, शहापूर योजनेचे पाणी उरमोडी नदीतून उपसून वर चढवावे लागते. त्या विजेचे बिल ज्याने पाहिले आहे त्याला कासची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

म्हणून एखादी जुनी पाणपोई पाहाल तेव्हा दर्शनी बाजूची नक्षी पाहून झाल्यावर मागे जाऊन नळ कोठून आत शिरतो आणि वाया जाणारे पाणी कोठे जाते ते पाहावे. निचऱ्याची वाट गुरांच्या डोणीत नेलेली असेल, तर बांधणाऱ्याला व्यवहार कळत होता असे खुशाल समजावे.

खटावकर

चर्चा चांगली चालली आहे, पण माचीकरांनी पहिल्या लेखात विचारलेला दुसरा प्रश्न अजून कोणी हातात घेतलेला नाही. पाणी कोणाला पिता येत होते? साताऱ्यात बसून हा प्रश्न टाळता येणार नाही, कारण त्याचे सर्वांत ठळक उत्तर याच शहराने दिले आहे.

७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हा मुलगा राजवाड्यातल्या सरकारी शाळेत दाखल झाला. तीच आजची प्रतापसिंह हायस्कूलची परंपरा, आणि तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळेत पाण्याचा नळ होता. इतर मुले तहान लागली की शिक्षकांना विचारून नळाशी जात आणि तोटी उघडून पाणी पीत. या मुलाला तोटीला हात लावण्याची मनाई होती. शिपायाने तोटी उघडली तरच त्याला पाणी मिळे. शिपाई जागेवर नसला तर पाण्यावाचून राहावे लागे. हे बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. नळ सार्वजनिक होता, पाणी सरकारी होते, दाब उरमोडी यांनी सांगितला तसा उत्तम असेल, पण मधे शिपायाचा हात होता.

दुसरा प्रसंग १९०१ सालचा आणि आमच्या भागातला आहे. दुष्काळग्रस्तांना काम देण्यासाठी सरकारने खटाव तालुक्यातल्या गोरेगाव येथे तलाव खोदण्याचे काम काढले होते आणि रामजी सुभेदार तेथे खजिनदार होते. उन्हाळ्याच्या सुटीत त्यांना भेटायला निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरली आणि बैलगाडीने पुढे निघाली. बरोबर फराळाचे भरपूर होते, पण जात कळताच वाटेत कोणी पाणी देईना. शिकवल्याप्रमाणे आपण मुसलमान आहोत असे सांगून टोलनाक्यावर पाणी मागितले, तरी मिळाले नाही. आणि पाण्यावाचून घास उतरेना म्हणून मुले उपाशी झोपली. वडील तलावाच्या कामावर आणि मुले तहानलेली, हे वाचताना माझ्यासारख्या खटावच्या माणसाची मान खाली जाते. वाटेत पाणपोया असत्या तरी काय फरक पडला असता, हा प्रश्न मी दानशूरांच्या प्रत्येक यादीपुढे ठेवू इच्छितो.

या इतिहासाची दुसरी बाजूही आमच्याच मातीशी जोडलेली आहे. ज्यांचे मूळ घराणे खटाव तालुक्यातल्या कटगुणचे, त्या महात्मा फुल्यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्या हौदावर कोणाची संगमरवरी मूर्ती नव्हती. १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला आणि सरकारी खर्चाने बांधलेली किंवा चालवली जाणारी पाणवठ्याची ठिकाणे सर्वांना खुली असावीत असे ठरले. महाड नगरपालिकेने तो स्वीकारलाही, तरी चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ चा सत्याग्रह करावा लागला आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल उजाडले. पुढे राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट असे शब्द मुद्दाम घालावे लागले. जगातल्या किती देशांच्या मूलभूत हक्कांत विहिरीचा उल्लेख असेल?

कृष्णाकाठ (सांगली)

खटावकर, आपण लिहिले ते वाचून माझ्या आधीच्या प्रतिसादातले रांजणाचे चित्र मला पुन्हा पाहावे लागले. ओगराळे हाती घेऊन बसलेला तो माणूस सोयीसाठी होता असे आपण मानतो. कोणाला भांड्यात द्यायचे, कोणाला वरून ओतायचे आणि कोणाला द्यायचेच नाही, हे ठरवणाराही तोच होता. पूर्तकर्माची परंपरा जुनी आहे, हे माझे म्हणणे कायम आहे; पण त्या परंपरेत पाण्याच्या भांड्याशेजारी नेहमी एक माणूस बसलेला असे, हेही तिच्यासोबत सांगितले पाहिजे.

पांथस्थ

याला जोडून एक बारकावा नोंदवतो. लंडनच्या जुन्या कारंज्यांवर साखळीने बांधलेले धातूचे पेले असत. येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांनी एकाच पेल्याने प्यावे, असे तेथे गृहीत होते. आपल्याकडे असा पेला चालणे अवघड होते, कारण उष्ट्याचा आणि विटाळाचा विचार आड येई. गंमत अशी की पुढे रोगजंतूंचे ज्ञान वाढल्यावर पाश्चात्त्यांनीही तो पेला सोडला. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याने १९०९ साली सामाईक पेल्यावर बंदी घातली आणि तोंडाला धार लागेल अशा तोट्यांचा प्रसार झाला. ओंजळीने पिण्याची आपली रीत आरोग्यदृष्ट्या बरी ठरली, हे खरे आहे. मात्र तिच्यामागे आरोग्याचा विचार होता असे सांगून तिला शास्त्रीय ठरवणाऱ्यांनी खटावकरांचा प्रतिसाद आधी वाचावा.

चुनेगच्ची

जुन्या दगडी बांधकामांच्या दुरुस्तीत काम करतो, म्हणून वास्तूच्या बाजूने थोडक्यात. मुळजी जेठा कारंज्याचे जतन अलीकडच्या काळात झाले आणि २०१८ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत त्याची विशेष नोंद घेतली गेली. म्हणजे लहान वास्तूही योग्य रीतीने वाचवता येते. दुर्दैवाने गावोगावी याच्या उलट चालते. उत्सवाच्या तोंडावर दगडाला तैलरंग फासतात, त्यामुळे आतला ओलावा आतच कोंडतो आणि काही वर्षांत दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. सांधे सिमेंटने भरतात. सिमेंट दगडापेक्षा कठीण असल्यामुळे झीज सांध्याऐवजी दगडाची होते. चुन्याचा सांधा आधी झिजतो आणि तो पुन्हा भरता येतो, यातच त्याचे शहाणपण आहे. सर्वांत वाईट म्हणजे सिरॅमिकच्या लाद्या. त्यांच्याखाली गेलेला लेख पुन्हा सहसा दिसत नाही.

झिजलेली अक्षरे वाचायची असतील तर खडू किंवा कोळसा घासू नये. संध्याकाळी विजेरीचा झोत एका बाजूने तिरपा टाकावा आणि छायाचित्र घ्यावे. दुपारी सपाट दिसणारी अक्षरे सावलीमुळे उठून येतात. शके दिले असेल तर त्यात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. पौषाच्या सुमारास इसवी सन बदलत असल्याने वर्षअखेरच्या तिथींना ७९ मिळवावे लागतात.

नवी_तोटी

ज्येष्ठांची चर्चा मन लावून वाचली. एक साधा प्रश्न आहे. एसटी स्थानकात, सरकारी दवाखान्यात, शाळेत स्टेनलेस स्टीलचे थंड पाण्याचे कूलर असतात आणि त्यांवर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असे रंगवलेले असते. तीही स्मारक पाणपोईच नव्हे काय? त्यांचा इतिहास कोणी का लिहीत नाही?

माचीकर

नवी_तोटी, ती स्मारक पाणपोईच आहे, आणि आपल्या प्रश्नामुळे हा धागा योग्य ठिकाणी आला. कूलर देणाऱ्याची भावना मुंबईच्या रतनसी शेठपेक्षा वेगळी नाही. फरक इतकाच की दगडी पाणपोई कोरडी पडली तरी उभी राहते आणि कूलर बंद पडला की भंगारात जातो, सोबत पाटीही जाते. म्हणून त्यांची नोंद आत्ताच व्हायला हवी. पाटीवरचा मजकूर उतरवून घ्यावाच, पण कूलरला पाणी पालिकेच्या नळाचे आहे की टाकी टँकरने भरली जाते, शुद्धीकरणाची कांडी शेवटची कधी बदलली, वीजबिल कोण भरते आणि तोटीपर्यंत कोणीही विनाअडथळा जाऊ शकतो का, हेही त्याच नोंदीत यावे.

जुन्या पाणपोयांविषयी ज्यांना खोलात जायचे आहे त्यांनी नगरपालिकेची जुनी ठरावबुके पाहण्याची परवानगी मागावी. उद्घाटनाच्या तारखेपासून सुरुवात न करता त्यानंतरच्या काही वर्षांचे ठराव आधी वाचावेत, कारण नळजोडणी, तोटीची दुरुस्ती, पाण्याची वेळ, राखणदाराचा पगार आणि कोणी कोठे पाणी भरावे यावरून झालेल्या तक्रारी मिळाल्याच तर तेथेच मिळतील. खटावकर, आपण मसूर ते गोरेगाव या जुन्या वाटेवरच्या पाणवठ्यांची माहिती जमवू शकलात तर ती याच धाग्यावर द्यावी, म्हणजे साताऱ्याबाहेरच्या वाटेवरचे पाणीही या चर्चेत येईल.